ऊन नको, कोमट

वहीतल्या ‘ऊन’ या रकान्यात बाबांनी चार दिवस ओळीने लिहिलं होतं – ‘ऊन नको. कोमट.’

आहारतज्ज्ञाने ओठ घट्ट मिटले, पण हसू डोळ्यांतून सांडलंच. “काका, हे दुधाचं नाही. उन्हात किती मिनिटं बसलात, ते लिहायचंय.”

“दुधाच्या शेजारी ऊन लिहिल्यावर माणसाने काय समजावं?” बाबा उखडले.

सोबत आलेली त्यांची मुलगी खळखळून हसली. त्याने मान वर केली... आणि लेखणी तशीच राहिली.

बाबांची साखर काठावरची. ड जीवनसत्त्व आणि आहारातलं कॅल्शियम यांचा मधुमेहाच्या धोक्याशी काही संबंध आहे का, हे तपासणाऱ्या अभ्यासात ते सामील झाले होते. दर महिन्याला वही दाखवायची. मुलीची साडी त्या दिवशी जरा बरी असायची.

“काकांचं झालं. तुमचं ऊन किती?”

“माझा रकाना कुठंय?”

“आखता येईल की...”

शेवटच्या खेपेला बाबा म्हणाले, “तुम्ही बोला, मी बाहेर बाकावर बसतो.” दहा मिनिटांचं काम, पण ती बाहेर आली तेव्हा तास उलटला होता. बाबांचं कपाळ उन्हाने लालबुंद झालं होतं.

वाटेत त्यांनी विचारलं, “माणूस कसा वाटतो गं तुला?”

“कोण माणूस?” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठलेच नाहीत.

हृदय, उन्हाचा संबंध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिच्या बुद्धीला ते पटलं, मनाला पटेना. त्याचे फोन तिने घेतले नाहीत. दोन महिन्यांनी ती वही परत करायला गेली, तेही न उघडता.

“त्यांना ताटकळत ठेवलं मी. इथे हसत बसले...”

शेवटचं पान उघडून त्याने वही तिच्यापुढे सरकवली. ‘ऊन’च्या रकान्यात न मावलेलं बाबांचं अक्षर समासात चढलं होतं –

‘एक तास. वीस मिनिटांनी उठणार होतो. आतून पोरीचं हसू ऐकू आलं, मुद्दाम बसलो. ऊन छान होतं.’

तिने त्या अक्षरावर बोट ठेवलं. बराच वेळ. समोर तो आहे, ऐकतो आहे, हे ठाऊक असूनही ती वहीलाच म्हणाली –

“आवडतो, बाबा. मला तो माणूस आवडतो.”