चष्मा पुढच्या गावी

"आत्या, हळू! केवढ्या खड्ड्यात आपटली गाडी!"

गाडी चालवणारा तरुण दचकला. गाडीत तो एकटा होता... निदान निघताना तरी होता. आणि आवाज आला होता तो बरोबर त्याच्या डोक्यावरून.

मग एक पाय खाली आला. वाळूने माखलेला, ओला पाय. तो त्याच्या कानाशेजारी लोंबकळत चप्पल शोधू लागला.

त्याने करकचून ब्रेक दाबला. मागे खळ्ळकन काहीतरी सांडलं. वरून "आई गं!" ऐकू आलं, पडदा सरकला आणि एक चेहरा उलटा खाली डोकावला. विस्कटलेले केस, गालावर उशीची घडी.

दोघे एकदमच किंचाळले.

"कोण तुम्ही?" ती म्हणाली.

"मी? गाडी माझी आहे! तुम्ही कोण?"

"माझी आत्या कुठे आहे?"

"का... त्यासुद्धा वर आहेत?"

अशा गाडीला चाकांवरचं घर म्हणतात, ते खरंच आहे. आत ओटा असतो, बसायला बाक असतो, चिमुकलं न्हाणीघर असतं, आणि चालकाच्या डोक्यावर माळ्यासारखा एक बिछाना असतो. समुद्राकाठच्या तळावर त्या सकाळी अशा दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही एकाच बनावटीच्या. एक होती आत्या आणि भाचीची. सुट्टीत भाड्याने घेऊन दोघी किनाऱ्याकिनाऱ्याने सावकाश चालल्या होत्या. भाची पोहून आली, जे दार उघडं दिसलं त्यात शिरली, वर चढली आणि पडदा ओढून झोपी गेली. घरात तिला मनी म्हणत. मांजरासारखी कुठेही डोळा लागायचा म्हणून.

"पण आत चष्म्यांची अख्खी भिंत आहे हो!" तो म्हणाला. गावोगाव फिरून डोळे तपासायचे आणि चष्मे करून द्यायचे, हा त्याचा धंदा. "ती दिसली नाही?"

"दिसली की. मला वाटलं, आत्याने शिंपले वाळत घातलेत."

"शिंपले!" त्याने समोर बोट दाखवलं. "बरं, त्या पाटीवर काय लिहिलंय?"

"कुठल्या पाटीवर?"

पाटी दाराएवढी होती. तो तिच्याकडे बघतच राहिला.

तिने त्याच्या फोनवरून आत्याला फोन लावला.

"कोण? मनी हवी आहे? ती झोपलीय वर," आत्या म्हणाली. "उठवू नका."

"आत्या, अगं मीच बोलतेय."

पलीकडे काहीतरी खणकन खाली पडलं. मग अगदी बारीक स्वरात, "मग... वर कोण आहे?"

वर उशी होती. आत्याने ती झाऱ्याने टोचून खात्री केली, आणि मग जो आरडाओरडा केला तो फोन हातभर लांब धरूनही ऐकू आला. रस्ता अरुंद, एवढी मोठी गाडी मागे वळवायला जागाच नव्हती. शेवटी ठरलं, की यांनी पुढच्या गावच्या शाळेत थांबायचं आणि आत्याने मागून यायचं.

शाळेत त्याचं शिबिर होतं. मनी नुसती बसून राहणारी नव्हती. तिने मुलांची रांग लावली, अक्षरांच्या तक्त्यावर पट्टी धरली, रडणाऱ्या पोराला हसवलं. सगळे गेल्यावर तो म्हणाला, "आता तुम्ही बसा."

बाहेर पाऊस भुरभुरू लागला होता. त्याने तिच्या डोळ्यांपुढे जड चौकट बसवली आणि एकेक काच घालून बघू लागला.

"ही बरी... की ही?"

"ही."

"आणि आता?"

"आता... तुमच्या भुवईत एक व्रण दिसतोय. पडला होतात?"

"तक्ता वाचायचाय. मला नाही."

"तक्ता काय, कुठे पळून जातोय?"

त्याच्या हातातली काच खाली पडली. वाकून ती शोधायला त्याला नको तेवढा वेळ लागला.

"चष्मा कधी मिळेल?" तिने विचारलं.

तो काचा डब्यात भरू लागला. "काच... बाहेरून मागवावी लागेल. पुढच्या गावी देतो."

पुढच्या गावी दोन्ही गाड्या दीपगृहाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. काच आली नव्हती. त्याच्या पुढच्या गावी मिठाची आगरं होती. काच तिथेही आली नव्हती.

"ही काच काय पायी चालत येतेय?" आत्याने चहा गाळता गाळता टोमणा मारला. मग दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि गप्प बसली. तिच्या बाबतीत हे जरा नवलच.

संध्याकाळी तो मनीला लांबचं सगळं सांगायचा. ती धक्क्यावर पाय सोडून बसायची आणि विचारायची, "आता काय दिसतंय?"

"एक होडी परत येतेय. लाल. वल्हवणारा दमलाय."

"दमलाय हे इतक्या लांबून कसं कळलं?"

"मान खाली घातलीय त्याने. पण बायको धक्क्यावर उभी आहे... ती दिसली बहुतेक. आता उचलली मान."

मनी समुद्राकडे बघायची. तिला नुसता निळा-करडा धूर दिसायचा, त्यात एक लाल ठिपका. तरी असं वाटायचं, की याच्याइतकं नीट आपल्याला कुणी काही दाखवलेलंच नाही.

असे दिवस भरभर गेले आणि किनाऱ्यावरचं शेवटचं गाव आलं. दुसऱ्या दिवशी रस्त्याला फाटा फुटणार होता. आत्या-भाचीला घराकडे वळायचं होतं, त्याला किनाऱ्याने पुढे जायचं होतं. तो काही बोलेल म्हणून मनी सकाळपासून वाट बघत होती. तो मात्र काम संपताच गाडीत बसून चौकटी पुसत होता. पुसलेल्याच पुन्हा पुसत होता.

वैतागून ती एकटीच धक्क्याच्या पायऱ्या उतरू लागली. शेवटची पायरी तिला दिसलीच नाही. ती धाडकन आदळली, गुडघा सोलवटला, एक हात पाण्यात गेला. जरा पलीकडे पडली असती तर...

जाळं शिवत बसलेल्या एका म्हातारीने तिला उठवून बसवलं. "काय गं, डोळे गहाण ठेवलेस का? तो चष्मेवाला आलाय बघ. जा त्याच्याकडे. मी सकाळी डोळे दाखवले, दुपारी चष्मा नाकावर!"

"दुपारी? कसं शक्य आहे? काच तर बाहेरून..."

"कसली बाहेरून? गाडीतच घासायचं चाक आहे त्याचं. माझ्यासमोर घासली काच."

मनी तडक उठली. मग लंगडत थेट त्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"माझा चष्मा कुठे आहे?"

तिच्या गुडघ्यावरचं रक्त बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने खण उघडला. बारीक सोनेरी काडीचा चष्मा मऊ फडक्यात गुंडाळलेला होता.

"केव्हापासून?"

"पहिल्या... पहिल्याच संध्याकाळपासून."

"का?"

"दिला असता तर तुम्ही निघून गेला असतात." त्याला तिच्याकडे बघवेना. "वाटलं, एकच गाव. मग अजून एक. तुम्ही पडाल, हे डोक्यात यायला हवं होतं. माझं तर कामच ते आहे."

"मी माझ्या डोळ्यांनी बघितलं असतं सगळं! होडी, दीपगृह... तुम्ही माझा समुद्र ठेवून घेतलात!"

"हो," तो म्हणाला.

मनीने चष्मा घातला. लाटांना कडा होत्या. प्रत्येक कौल वेगळं होतं. आणि समोर एक माणूस उभा होता. कान लाल झालेले, डोळे काठोकाठ भरलेले.

"अजून काय काय खोटं बोललात?"

"तुमच्या आत्यांचा चहा आवडतो म्हणालो, ते."

"ऐकलं मी!" शेजारच्या गाडीतून आत्या कडाडली.

मनीला हसू फुटणार होतं. तिने ते दाबलं. "आणि खरं?"

"खरं एवढंच, की मला तुम्ही आवडता. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. खोटं सोपं वाटलं म्हणून..." तो खाली बसला आणि हलक्या हाताने तिचा गुडघा पुसू लागला. "उद्या तुम्ही गेलात तर मी काही म्हणणार नाही."

"जाणारच आहे. सुट्टी संपलीय." तो मान डोलावत राहिला. औषध झोंबलं तशी तिने त्याच्या खांद्याचा आधार घेतला, आणि झोंबणं थांबल्यावरही हात काढला नाही. "आणि मी चिडलेय. पुष्कळ चिडलेय. हा राग इतक्यात जायचा नाही."

"किती दिवस राहील?" त्याने घाबरत विचारलं.

"मला काय माहीत? दर रविवारी घरी येऊन बघून जावं लागेल... गेलाय का ते."

तो औषधाची बाटली हातात धरून, तोंड उघडं ठेवून तिच्याकडे बघतच राहिला.

"आणि आलात की," पलीकडून आत्या म्हणाली, "चहा स्वतः करून घ्यायचा."