चार की आठ

"ही नोट मला घेता येणार नाही," काउंटरमागचा नवा रोखपाल इंग्रजीत म्हणाला. मग स्वतःशीच पुटपुटला, "आता काय करावं..."

पुटपुटला ते मराठीत. कलकत्त्याच्या डलहौसी स्क्वेअरमधल्या बँकेत मराठी ऐकून मी नीट वर पाहिलं. कुरळे केस, कपाळावर घाम, नजर मात्र सरळ.

"का घेता येणार नाही?" मीही मराठीत विचारलं. "नोट माझा आहे."

"माझी," तो म्हणाला.

"तुमची? मग टाका की खिशात."

त्याचे कान लाल झाले. "तसं नाही हो... 'माझी नोट' म्हणतात."

कलकत्त्यात जन्मलेल्या मला तेव्हा ती-तो-ते कधीच जमायचं नाही. पण व्याकरणाला वेळ कुठे होता? दोनला दहा कमी होते आणि दोनला खिडकी बंद. एम.ए.च्या परीक्षेची फी भरायचा तो शेवटचा दिवस. फी चुकली की वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की आई मला नागपूरच्या स्थळी देऊन मोकळी होणार होती. शिकवण्या करून जमवलेली शंभराची ती एकच नोट माझ्यापाशी होती.

त्याने एक कागद पुढे सरकवला. कुणा व्यापाऱ्याने चोरीला गेलेल्या आपल्या नोटांची हाताने लिहिलेली यादी.

"शंभराच्या नोटा दिसायला सगळ्या सारख्याच," तो म्हणाला. "पण पुढची अक्षरं आणि हे सहा आकडे मिळून होणारा नंबर एकाच नोटेचा. तुमच्या नोटेवर 802280. यादीतही अक्षरं तीच, आकडे तेच..." तो घुटमळला. "मला तुम्ही चोर वाटत नाही."

"उपकार झाले."

मी यादी ओढून घेतली. तिथे लिहिलं होतं, ৪০২২৪০. मला हसूच फुटलं.

"अहो, हा आठ नाही, चार आहे. बंगालीत चार असाच काढतात. चोरीची नोट 402240."

"कशावरून?"

"हे काय आहे मग?" मी वरच्या ओळीतल्या, इंग्रजी कुठल्याच आकड्यासारखा न दिसणाऱ्या बंगाली सहावर बोट ठेवलं.

"मला वाटलं... लिहिणाऱ्याचा हात घसरला."

"दर ओळीत?"

तो यादी घेऊन धावतच मुख्य रोखपाल बिश्वासबाबूंकडे गेला. त्यांनी यादी पाहिली, नोट पाहिली, मग त्याच्याकडे पाहून इतके हसले की बशीत चहा सांडला. दोनला दोन मिनिटं असताना माझ्या चलनावर शिक्का बसला. मला अगदी लढाई जिंकल्यासारखं वाटलं.

पावती देताना तो हळूच म्हणाला, "मला बंगाली आकडे शिकवाल?"

"फक्त आकडे?"

"तिथून... सुरुवात करू."

चारुदत्त त्याचं नाव, पुण्याहून नुकताच बदलून आलेला. आकडे एका रविवारी संपले. तरी पुढचे पाच महिने एकही रविवार त्याने सोडला नाही. फोर्ट विल्यमजवळच्या घाटावर मी अभ्यास करायची आणि तो शेंगा सोलून माझ्या वहीवर ठेवायचा. माझं मराठी सुधारलं. मनातलं काही बोलायची वेळ आली, की हा मात्र नदीतल्या बोटी मोजत बसायचा. मला त्याचा राग यायचा आणि तो आवडायचाही, दोन्ही एकदमच.

निकाल लागला. मी पहिल्या वर्गात आले. संध्याकाळी तो संदेश मिठाईचा डबा घेऊन घरी आला, तेव्हा आई बाबांना सांगत होती, "आता शिक्षणही झालं. नागपूरला होकार कळवून टाका."

त्याचा चेहरा उतरला. ओठ हलले... आणि पुन्हा मिटले. म्हणजे आजही बोटीच मोजणार.

"नकार कळवा," मी म्हणाले. "मी ह्यांच्याशी लग्न करणार आहे."



"ह्यांनी विचारलं तुला?" आईने विचारलं.

"अजून नाही."

बाबांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. चारुदत्त माझ्याकडे बघतच राहिला. "मी... तेच विचारायला आलो होतो."

"मग विचारा."

आणि त्याने विचारलं, आईबाबांच्या समोर, एकदाही न अडखळता.