गॅस धुवायची टाकी

दिंद्रुडच्या पुढं, साखर कारखान्याला लागून, मळीपासून गॅस काढायचा प्रकल्प आहे. तो गॅस धुवायला तिथं एक उंच लोखंडी टाकी आहे. कच्च्या गॅसला नासक्या अंड्यांचा वास असतो. ओल लागली की तो लोखंड आतून खात जातो. म्हणून टाकी रोज बाहेरून हातोडीनं ठोकून बघायची. ठणकन वाजली तर पत्रा जाड, बद्द वाजली तर खाल्लेला.

आधी हे काम गहिनीनाथ करायचा. गेल्या साली टाकीत उतरून गंज खरवडताना गॅस कोंडला आणि आतच त्याचा जीव गेला. त्याच्या जागी धाकटा भाऊ अभिमन्यू लागला.

त्या दिवशी ऊन उतरता उतरता अभिमन्यूनं हातोडी मारली. ठण्.

आतून उत्तर आलं. बद्द...

त्याला वाटलं, घुमलं असंल. पुन्हा मारली. आतला ठोका हळूहळू खाली सरकत गेला आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर थांबला.

"दादा...?"

त्यानं वाकून तिथंच ठोकलं. बद्द. आणि त्याच्या ध्यानात आलं, वास थांबलाय. गहिनीनाथ सांगायचा, "वास येतोय तवर भ्यायचं न्हाई. गॅस वाढला की नाक मरतं. वास थांबला की पळायचं." पण तो पत्र्याला कान लावून तिथंच वाकलेला राहिला. तेवढ्यात आतून असा दणका बसला की तो मागं कोलमडला, आणि सरपटतच प्रकल्प बंद करायच्या बटणापर्यंत गेला.

प्रकल्प बंद झाला. टाकीतला गॅस पुरता काढून इंजिनिअर प्रियदर्शनी मॅडमनी झाकण उघडलं, बॅटरी मारली. आत कुणी नव्हतं. बद्द वाजलेल्या जागेचा कापून काढलेला पत्रा कांद्याच्या पापुद्र्याएवढा उरला होता.

"आत कुणाला पाठवलं होतं का?" त्यांनी हळूच विचारलं. "आतल्या बाजूच्या गंजावर हातोडीच्या खुणा आहेत. ताज्या."

"झाकण वरीसभर उघडलंच न्हाई, मॅडम."

नवा पत्रा जोडला, झाकण आवळलं, गॅस सुरू झाला. घरी वहिनी सरस्वतीबाईनं सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे भावजी, ते अजून..."

आता टाकी सगळीकडं ठणठणीत वाजते. तरी आतून ठोके येतातच, आता थेट झाकणावर. अभिमन्यूनं मॅडमला विनवून पाहिलं. "चालू टाकी उघडता येत नाही हो," त्या म्हणाल्या, आणि खोटं नव्हतं ते. तो नुसता झाकणावर तळहात टेकून उभा राहायचा.

कालपासून अभिमन्यू कुठंच दिसत नाही, आणि आत दोन हातोड्या वाजताहेत.