००२ वरून आलेला फोन

मी यात काही रंगवून लिहिलेलं नाही. सोसायटीचं नाव तेवढं टाळलंय. बाकी जसं घडलं तसं.

मी सुजित. अंबरनाथला राहतो, नेटवर्किंगची कामं करतो.

फेब्रुवारीतला रविवार होता. बदलापूर पश्चिम, मांजर्ली. दुपारचे साडेबारा वाजलेले. रात्र नव्हती, लख्ख ऊन होतं.

चार मजली बिल्डिंग. चार वर्षांपूर्वीच्या पुरात तळमजला बुडाला आणि जुना इंटरकॉम कायमचा गेला. सेक्रेटरी हरेशभाऊंनी मला बोलावलं. म्हणाले, "स्वस्तात काहीतरी बसव."

मी एका जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं. त्यावर ओपन सोर्स फोन सिस्टीम, सॉफ्टवेअर फुकटच मिळतं. ऑफिस पुरानंतर गच्चीवरच्या खोलीत हलवलेलं, सर्व्हर तिथेच ठेवला. पहिल्या मजल्यापासून वरच्या सोळा घरांना सोळा नंबर दिले.

तळमजल्याला एकही नाही. तिथली घरं कुलूपबंद होती. ना फोन, ना वायर.

टेस्टिंग चालू होतं. टेबलावरचा फोन वाजला.

मी स्क्रीनकडे बघितलं…

००२.

हा नंबर मी बनवलाच नव्हता.

वाटलं, माझीच चूक. फोन उचलला. आधी नुसती खळखळ… मग एका म्हातारीचा आवाज.

"पानी पायरीव आयलंय रं. हरेसला सांग ना."

"कोण बोलतंय?"

"मी मोतीबाय. त्याची आय."

फोन कट.

हरेशभाऊ शेजारीच चहा ओतत होते. मी हसत म्हटलं, "भाऊ, खालून कोणीतरी मस्करी करतंय. मोतीबाई म्हणे."

चहा कपाबाहेर सांडला. त्यांना कळलंच नाही.

"००२ माझंच जुनं घर, पुराआधीचं," ते म्हणाले. "आई एकटी होती. मी एमआयडीसीत सेकंड शिफ्टला. रस्ते बंद झाले. लाइट गेली होती, इंटरकॉम मेला होता. ती बटण दाबत राहिली असणार. पाण्याच्या जोराने दार उघडलं नाही. आम्हाला दुसऱ्या दिवशी…"



फोन पुन्हा वाजला.

००२.

या वेळी हरेशभाऊंनी उचलला. मी स्पीकर चालू केला.

"आई?"

"हरेस… पानी गुडघ्याव आलं. दार उघर ना, बाला."

"आई, आलो! थांब, आलो!"

ते चावी घेऊन धावत सुटले. जिन्यातूनच मला मोबाईल लावला. मी एका हातात मोबाईल धरला, दुसऱ्या हातात रिसीव्हर.

कुलूप उघडल्याचा आवाज आला. दार करकरलं.

"सुजित, मी आत आहे. सगळं कोरडं आहे रे. कोणी नाही."

रिसीव्हरमधून पाण्याची खळखळ वाढली…

मी मोबाईल रिसीव्हरला चिकटवला.

"आई, मी घरातच आहे! तू कुठल्या खोलीत आहेस?"

"दाराशीच उभी हाय मी. तू आयलास ना? मंग दार का नाय उघरत?"

"उघडलंय गं! उघडं आहे दार!"

"नाय रं. बंदच हाय."

एकाच घरात दोघं होते. मी चार मजले वर, दोन्ही आवाज हातात धरून. काय करायचं होतं मी? सॉफ्टवेअर मला येतं. पाणी कसं उपसायचं?

तेवढ्यात हरेशभाऊंची बायको, जिज्ञासा वहिनी, धापा टाकत गच्चीवर आली. तिने खाली नवऱ्याला बघितलं होतं. तो रिकाम्या खोलीत भिंतींवर हात मारत रडत होता.

"भाऊ, बंद करा ते!"

मोबाईलमधून हरेशभाऊ ओरडले, "बंद करू नकोस! सुजित, तुला हात जोडतो!"

"अहो, मरतील ते तिथेच! काढा ना वायर!"

रिसीव्हरमध्ये आता आवाज अडखळत येत होता. तोंडात पाणी गेल्यासारखा…

"वर कोन हाय? तू हायेस ना रं, पोरा? फोन नको ठेवू."

ती माझ्याशी बोलत होती.

"नाही ठेवत, आजी," मी म्हटलं.

आणि सर्व्हरची वायर उपटली.

सगळं शांत झालं. खाली हरेशभाऊ एकदाच ओरडले. तसा आवाज मी माणसाच्या तोंडून कधी ऐकला नाही.

सर्व्हर घरी नेऊन कॉल रेकॉर्ड तपासलं. दोन कॉल. वेळ बरोबर. फोन करणारा नंबर, कोरा.

हरेशभाऊ माझ्याशी बोलत नाहीत. मागच्या महिन्यात वहिनींचा फोन आला होता. हरेशभाऊंनी उल्हासनगरहून दुसरा माणूस आणून तीच सिस्टीम पुन्हा बसवून घेतलीये. स्वतःच ००२ नंबर बनवायला लावला. खालच्या घरात फोनही ठेवला.

सुट्टीच्या दिवशी सकाळपासून वर गच्चीवर बसून असतात.

"एकदाही वाजला नाही, भाऊ," वहिनी म्हणाली. "तुम्हाला वायर काढायला सांगून मी चूक केली का?"



ती सुटली असेल, असं मी स्वतःला सांगतो. पण ती मला फोन ठेवू नको म्हणाली होती…