कोपऱ्यातली घोंगडी

खर्डीला आमच्या आळीत योगाचा वर्ग निघाला तेव्हा मी जाणार नव्हते. पोस्टाच्या खिडकीमागे बसून जन्म काढलेल्या बाईला या वयात वाकायला सांगणं मला अन्यायाचं वाटतं. पण हे गेल्यापासून माझी झोप उडाली होती. यांचं घोरणं इतकं दणदणीत, की लग्नानंतरचं पहिलं वर्ष मी रडून काढलं. पुढेपुढे त्या आवाजाशिवाय डोळा लागेनासा झाला. आता आवाजही नाही आणि झोपही नाही. दिवसा डोकं जड, विसरभोळेपणा. एकदा दुधाखालचा गॅस तसाच राहिला, पातेल्याचा कोळसा झाला, आणि आमच्या मितेशने कल्याणहून फर्मान काढलं, "दिवाळीपर्यंत झोप सुधारली नाही तर घराला कुलूप. तू आमच्याकडे." त्याचा फ्लॅट चांगला आहे, सून मनस्वीही गुणाची आहे. पण मला माझ्याच घरात मरायचं होतं. म्हणून गेले योगाला.

वर्ग बंद पडलेल्या भाताच्या गिरणीत भरायचा. भिंतींना अजून तुसाचा वास होता. शिकवणारी कुणाली शहापूरला कोर्स करून आलेली, वयाने लहान पण भलती करारी. तिने सगळ्यांना मॅट आणायला सांगितल्या. आम्ही सगळ्यांनी म्हसाच्या जत्रेत घेतलेल्या घोंगड्या आणल्या. घरात घोंगडी असताना रबरावर कोण लोळणार? कुणालीने कपाळाला हात लावला. पुढच्या आठवड्यात तीही घोंगडी घेऊन आली.

आमच्याकडे एक रीत आहे. भजन असो की ग्रामसभा, आधी जाऊन आपलं काहीतरी पसरून यायचं. पसरलं की जागा आपली. दुसऱ्याचं पसरलेलं कुणी उचलत नाही. उचललंच तर गावभर बोलणं होतं. गिरणीच्या कोपऱ्यात, गंजलेल्या मशीनशेजारी, पहिल्या दिवसापासून एक काळी घोंगडी पसरलेली असायची. उशाला घडी घातलेला पंचा. येणार असेल कुणीतरी उशिरा, असं प्रत्येकाला वाटलं आणि कुणी विचारलं नाही.

मग शवासनात घोरणं सुरू झालं.

सगळे डोळे मिटून पडलेले, आणि कुणीतरी निवांत घोरतंय. संशय अर्थातच काळूरामभाऊंवर गेला. रेल्वेतून रिटायर झालेला, पोट सुटलेला माणूस.

"आयच्यान सांगतो, मी नाय," ते म्हणाले. "मी जागा होतो. मला वाटला, प्रेमा वहिनी हायेत."

प्रेमा वहिनींनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. पुरुष माणसाने चारचौघांत बाईच्या घोरण्याचा विषय काढावा?

मला या भांडणात काडीचा रस नव्हता, कारण मी झोपले होते. कित्येक महिन्यांनी, गाढ, घोंगडीवर लाळ गळेपर्यंत. कुणालीने हलवून उठवलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रोज तेवढी घटकाभर झोप मिळायला लागली. रात्रीचं मात्र अजून जमत नव्हतं, पण मला आशा वाटू लागली.

काळूरामभाऊ मुरबाडला लेकीकडे गेले. घोरणं इथेच राहिलं.

आता प्रेमा वहिनी घाबरल्या, कारण पुढचा नंबर त्यांचा होता. कुणालीने तोडगा काढला. "आज शवासन बसून करायचं. डोळे उघडे."

आम्ही बसलो, एकमेकांकडे बघत. बाहेर लख्ख ऊन होतं. कुणीतरी गुरं हाकत चाललं होतं.

घोरणं सुरू झालं. कोपऱ्यातून. काळी घोंगडी सपाट होती. तिच्यावर कुणी नव्हतं.

"आगो बाय!" माझ्या शेजारी बसलेली ठकू ओरडली आणि सगळा वर्ग दाराकडे धावला. कुणाली सगळ्यांच्या पुढे होती. एरवी तिच्या पायांचा इतका चपळ उपयोग आम्ही पाहिला नव्हता.

अंगणात सभा भरली. कुणाली म्हणाली, उद्यापासून वर्ग शाळेच्या पडवीत. ठकू म्हणाली, भगताला आणा. ही जागा गेली की माझी झोप गेली, आणि झोप गेली की घर गेलं.

"ऐका," मी म्हटलं. "घोरतंय म्हणजे झोपलंय. झोपलेलं कुणाला खाणार?"

"त्ये खरा," ठकू म्हणाली, "पन लयच आवाज करतंय गो मावशी. पोरगी काय सांगतेय त्ये ऐकू येत नाय."

"ते मी बघते."

दुसऱ्या दिवशी मी माझी घोंगडी कोपऱ्याला लागून घातली. शवासन आलं. घोरणं आलं. मी डोळे मिटूनच, जन्माच्या सवयीने, कोपर किंचित बाजूला नेलं.

"कुशीवर व्हा बघू."

घोरणं थांबलं.

शेजारी घोंगडी सरसरली.

मग संथ, हलका श्वास. कुणी पळालं नाही. कुणालीचा आवाज आला, बारीक, "श्वास… सोडा."

घरी जाताना प्रेमा वहिनींनी हळूच विचारलं, "तुमचे मालक का हो?"

"छे! त्यांनी जन्मात कधी माझं ऐकलं नाही."

दिवाळीआधी गिरणी झाडायची ठरली. ज्याने त्याने आपापली घोंगडी उन्हात घालायला घरी नेली. कोपऱ्यातली तशीच राहिली. मला वाईट वाटलं. इतके दिवस ज्याच्या शेजारी झोपले, त्याची घोंगडी कुबट राहावी? "ऊन दाखवून आणते हं," असं कोपऱ्याला सांगून मी ती उचलली. दिवसभर दोरीवर वाळवली, संध्याकाळी घडी करून पेटीवर ठेवली, वर पंचा.

त्याच संध्याकाळी मितेश आला. माझी झोप स्वतःच्या डोळ्यांनी बघायला, मुक्कामाला.

पाठ टेकली ती मला एकदम सकाळीच जाग आली. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! मितेश स्वयंपाकघरात बसला होता, डोळे तांबारलेले.

"राहा बाई इथेच," तो म्हणाला. "मस्त झोपतेस. मी नाही नेत तुला."

मला रडूच आलं.

"पण घोरतेस केवढी! माझ्या डोळ्याला डोळा नाही."

"मी? मी नाही घोरत. हे कधी म्हणाले नाहीत…" मी थांबले. चाळीस वर्षं माणूस काही बोलला नव्हता.

"घोरतेस. मग स्वतःच स्वतःला दटावतेस. 'कुशीवर हो गो.' की तू वळतेस आणि गप्प. आवाज पण किती घोगरा! सर्दी झालीय का?"

मी आतल्या खोलीत गेले. पेटीवर काहीच नव्हतं. काळी घोंगडी माझ्या खाटेशेजारी जमिनीवर पसरलेली होती, उशाला पंचा.

मितेश मागोमाग आला आणि ती उचलायला वाकला.

"राहू दे," मी म्हटलं. "जागा धरलीय."