धुक्यातून ‘ये’ म्हणणारा

हे खरं आहे. कुणाला पटवून द्यायला मी बसलेलो नाही. ज्याला हसायचंय त्याने खुशाल हसावं. फक्त एकदा धुक्यात त्या रेल्वे यार्डातल्या शेवटच्या रुळावर उभं राहून हसून दाखवावं.

आणि रात्र नव्हती. भुताचं म्हटलं की लोकांना मध्यरात्र लागते, म्हणून आधीच सांगतो. चांगली उजाडलेली सकाळ होती. फक्त धुकं असं, की पुढे केलेला हात आपलाच आहे का, असा प्रश्न पडावा.

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा, यार्डात शंटिंगचं डिझेल इंजिन चालवायचे. दिवसभर मालडबे इकडून तिकडे ढकलायचे, जोडायचे, सोडायचे. इंजिन जुनं. काळा धूर ओकणारं, हाकलल्याशिवाय न हलणारं. सगळे त्याला ‘म्हैस’ म्हणत.

डब्यांच्या पुढे, खाली रुळाच्या कडेने चालायचा दाजींचा सख्खा धाकटा भाऊ. बारक्या. नाव बारक्या आणि अंग दरवाजाएवढं. दाजींनीच साहेबाच्या मागे लागून त्याला तिथे चिकटवलेला. त्या दोघांच्या आईने तेव्हाच दाजींना बजावलं होतं, "तू नेतोयस ना त्याला? मग घरीही तूच आणायचास."

पूर्वी एका इंजिनाबरोबर खाली तीन माणसं असायची. वर खुर्च्या उबवणाऱ्यांना तीन जास्त वाटली. दोन केली. मग एक केला. त्यांचं काय जातंय?

डबे ढकलताना ड्रायव्हर आंधळा असतो. डबे पुढे, इंजिन मागे. म्हणून खालच्या माणसाने वॉकीटॉकीवर बोलत राहायचं. उभ्या गाडीपर्यंत किती डब्यांचं अंतर उरलं ते सांगत राहायचं.

नियम एकच. आवाज थांबला... की ब्रेक.

कारण विचारायचं नाही. मारायचा.

बारक्या तर या कामासाठीच जन्मलेला. त्याचं तोंड कधी थांबायचंच नाही.

"पाच डबे, दादा. ये. आज डब्यात काय दिलंय वहिनीने? चार. ये, दादा, ये. सांग तुझ्या म्हशीला, सासरी चालल्यासारखी पाय ओढू नको म्हणावं. तीन, दा..."

आवाज थांबला.

दाजींनी ब्रेक मारला. डबे एकामागून एक धडकत, कण्हत उभे राहिले.

"बारक्या?"

काही नाही. नुसती खरखर.

"अरे ए बारक्या! खेळतोस काय? बोल!"

इंजिन घुरघुरत होतं. काचेबाहेर नुसता पांढरा पडदा.

आणि मग...

"ये."

दाजींचा जीव भांड्यात पडला. हात ब्रेकवरून निघालाही. मग मध्येच थांबला.

"किती राहिले?"

"ये... अजून ये."

आवाज बारक्याचाच. तोच घसा, तोच खर्ज. पण त्यात थट्टा नव्हती. आकडा नव्हता.

‘दादा’ नव्हता.

जन्मल्यापासून बारक्याने ‘दादा’ म्हटल्याशिवाय एक वाक्य संपवलं नव्हतं. शिव्या द्यायचा तेव्हासुद्धा आधी दादा म्हणायचा.

दाजींनी हँडब्रेक करकचून पिळला. इंजिनाचं हँडल काढून खिशात टाकलं. ते हँडल नसेल तर म्हैस इंचभर हलत नाही, कुणाच्या बापाने हलवली तरी. मग वॉकीटॉकी घेऊन खाली उडी मारली आणि डब्यांच्या कडेने पळत सुटले.

खडीत पाय मुरगळत होते. डबा संपला की पुढचा डबा. तो संपला की पुढचा. हातातला आवाज चालूच होता.

"ये... ये..."

शेवटच्या डब्यापुढे, जिथे रूळ एकमेकांना छेदतात, तिथे बारक्या पडलेला दिसला. बूट दोन लोखंडांच्या फटीत घोट्यापर्यंत गच्च. चाक त्याच्यापासून हातभर अंतरावर. त्याची वॉकीटॉकी पलीकडे खडीत पडली होती.

फुटलेली. बॅटरी एकीकडे, खोकं एकीकडे.

"दादा," बारक्या रडत होता, "मी केव्हाचा ओरडतोय, थांब, थांब. आणि तू आपला ‘येतो, येतो’ म्हणतोयस!"

"मी कुठे बोललो?"

"मला धुक्यातून ऐकू आलं ना! तुझाच आवाज!"



आणि मागे, पार तिकडे लांब, धुक्याच्या पोटात... म्हशीचा आवाज चढला.

दाजींनी खिसा चाचपला. हँडल खिशातच होतं.

ठण्ण...

इंजिन ढकलू लागलं, की डब्यांमधली ढील एकेक करून संपते. प्रत्येक जोडाचा आवाज होतो आणि तो पुढे सरकत येतो. दाजींनी हयातभर हा आवाज इंजिनात बसून ऐकलेला. या टोकाला उभं राहून पहिल्यांदाच ऐकत होते.

ठण्ण... ठण्ण...

दाजींनी बारक्याला काखेत धरून ओढलं. तो किंचाळला. पाय तसूभर हलला नाही.

"तोड, दादा! पाय तोड!"

"गप बस!"

लेस दवाने फुगलेली, गाठ दगड झालेली. नखं मोडली. दातांनी ओढली. सुटेना.

ठण्ण... ठण्ण...

दाजींनी वॉकीटॉकी तोंडाशी धरली. माझे दाजी साहेबापुढेही आवाज खाली करत नाहीत. ते हुंदके देत बोलले, "जो कोण असशील तो, तुझ्या पाया पडतो. थांब. भाऊ आहे रे माझा. एकच आहे."

खरखर थांबली. डबेही थांबले.

मग अगदी मायेने, समजूत काढल्यासारखा आवाज आला...

"अजून ये."

ठण्ण.

दाजींनी खिशातलं हँडल काढलं. त्याचं टोक लेसखाली घुसवलं आणि अंगातला सगळा जोर लावून पिळलं. लेस तुटली. बारक्याचा पाय सोललेल्या केळ्यासारखा बाहेर आला, बूट तिथेच राहिला. दोघे मागच्या मागे कोसळले. फटीतल्या बुटावरून चाक गेलं.

बुटाचा कागद झाला.

थोड्या वेळाने लोक जमले. म्हैस जागच्या जागी घुरघुरत होती. हँडब्रेक करकचून आवळलेला. केबिनमध्ये कुणी नाही.

चौकशी झाली. उतारामुळे डबे आपोआप सरकले, असं ठरलं. उतार! त्या रुळावर गोटी ठेवली तरी घरंगळत नाही. दोन माणसं का कमी केली, हे कुणी विचारलं नाही. इंजिन सोडून गेले म्हणून दाजींना घरी बसवलं. भावाला मरू दिलं असतं, तर नोकरी शाबूत राहिली असती.

त्या ओढाताणीत मोडलेला बारक्याचा पाय जुळला, पण लंगडा जुळला. तो परत त्याच रुळावर, त्याच म्हशीपुढे चालायला लागला. दाजी घरी बसलेले, मग चूल कुणी पेटवायची?

पण दाजींनी एक ठरवून घेतलं. धुकं पडलं, की बारक्याने दाजींना फोन लावून तो खिशात चालू ठेवायचा. काम संपेपर्यंत. आणि प्रत्येक वाक्यात दादा म्हणायचं.

"विसरलास तर मी यार्डात येऊन तुझ्या मुस्काटात देईन."

"बरं, दादा. हो, दादा. निघू का, दादा?"

दोन हिवाळे असेच गेले. ताई म्हणायची, "धुकं पडलं की यांना चहासुद्धा कडू लागतो."

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी फोन आला. दाजी नेहमीसारखे कानाला लावून बसले.

"पाच डबे, दादा... चार, दादा... तीन, दादा..."

सगळं ठीक होतं. दाजींनी डोळे मिटले.

"दोन, दादा... एक, दादा..."

मग थोडं थांबून...

"आता तू ये, दादा."

दाजी अनवाणी पळाले. भररस्त्यातून. ताई मागून हाका मारत होती.

यार्ड सुनसान होतं. म्हैस बंद, थंडगार. पत्र्याच्या खोलीत बारक्या हातात कप धरून शेकत बसला होता.

"अरे, हे काय, दादा? चपला कुठायत? आज काम बंद आहे, धुकं फार म्हणून. फोन? फोन तर चार्जिंगला घरीच राहिला, दादा."

ते ऐकलं... आणि दाजी दोन पावलं मागे सरले. स्वतःच्या सख्ख्या भावापासून.

एवढंच. पुढे काही घडलेलं नाही. तो आवाज कुणाचा, ते मला ठाऊक नाही. ठाऊक आहे म्हणणारे आले होते, मी त्यांना दारातूनच परत पाठवलं. फक्त एक गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना दिसते, आणि कुणीच बोलत नाही. धुक्याच्या दिवशी बारक्या दारातून "दादा" म्हणून हाक मारतो, तेव्हा दाजी लगेच उत्तर देत नाहीत.

आधी तो लंगडतोय का, ते बघतात. मगच ओ देतात.