भिवाजी लोहाराचे तीन ठोके

भूत होऊन मला सहा महिने झाले होते, तरी त्या सकाळी मीच घाबरले.

मार्गशीर्ष होता. पाताळगंगेवरून धुकं उठायचं ते थेट आमच्या दारात येऊन बसायचं, उन्हं वर आली तरी हलायचं नाही. मी अंगणात सडा घालत होते आणि खालापूरच्या बाजूनं रस्त्यावर काहीतरी आलं... ना बैल, ना घोडा. नुसती खडखड, मग फुस्स, मग एकदम गप्प. धुक्यात दोन पिवळे डोळे तेवढे जळत राहिले.

"कोन हाय?"

"माणूस हाय," धुक्यातून आवाज आला. "भिऊ नका."

"भितंय कोन," मी म्हटलं आणि जागची हलले नाही.

तो पुढं आला. डोक्यावर टोपी, गालावर काळं तेल, हात कोपरापर्यंत माखलेले. नाव नामा, उरणचा, मुंबईच्या एका शेठची मोटार हाकणारा. मोटार म्हणतात ते मी ऐकून होते, पाहिली त्याच दिवशी. इंजिनाच्या झाकणातून पाणी गळत होतं म्हणून त्यानं गावात बोल्ट आवळला, आणि तो कट् करून तुटला. नवा बोल्ट त्याच्या पेटीत होता, पण जुन्याचा अर्धा तुकडा भोकात घट्ट बसला होता. शेठ वैतागून टांग्यानं खोपोलीला पुढं गेले होते. बाराच्या आत मोटार आली नाही तर पुन्हा तिला हात लावायचा नाही, असं बजावून गेले होते.

"इथं भिवाजी लोहार ऱ्हातो ना? त्याला जरा उठवा."

"बाबा सहा महिन्यांमागं वारले."

"काय बोलता? गावात तर एकजण सांगत होता, त्यानं ओट्यावर ठेवलेल्या कोयत्याला भिवाजीनं परवाच धार लावून दिली."

"दिली असंल," मी म्हटलं. "ते पहाटे येतात."

तो हसला. मी हसत नाही हे पाहिल्यावर त्याचं हसू हळूहळू मावळलं. मला मनातून फार मजा वाटली, खोटं कशाला बोलू?

खरं काय होतं ते सांगते. आमच्यात बाईनं भाता ओढायचा, घणाला हात लावायचा नाही. बाबांना मुलगा नव्हता. मी त्यांच्याजवळ बसून बसून सगळं शिकले, पण ते घरातल्या घरात. ते गेल्यावर गावातल्या पोशाचा एक कोयता ओट्यावर राहून गेला होता, त्याला मी पहाटे गुपचूप ठोकून धार लावली. सकाळी पोशानं विचारलं, कोणी केलं? घाबरून माझ्या तोंडून निघून गेलं... बाबांनी. झालं. तेव्हापासून लोक दिवेलागणीला विळे-कोयते ओट्यावर ठेवायचे, शेजारी सूपभर तांदूळ ठेवायचे आणि मागं न बघता पळायचे. पहाटे आये भाता ओढायची, मी ठोकायचे. त्या तांदळावर आमची चूल पेटायची.

एक गोष्ट मात्र माझ्याच्यानं कधी झाली नाही. काम संपलं की बाबा रिकाम्या ऐरणीवर सावकाश तीन ठोके द्यायचे. झालं म्हणून. ते तीन ठोके द्यायला माझा हात उठायचाच नाही, रडू यायचं. आणि गाव तर शपथेवर सांगायचं, तीन ठोके आम्ही रोज ऐकतो. लोक मीठमिरची लावतात, असं म्हणून आये आणि मी सोडून द्यायचो.

"मग बोल्ट ओट्यावर ठेवू का?" नामानं विचारलं.

"सोबत मोटारबी ठेवावी लागंल. ओटा लहान हाय आमचा."

तो स्वतःच छिन्नी घेऊन भिडला. छिन्नी घसरली, बोटं सोलली. पुन्हा मारली, पुन्हा घसरली. मला बघवेना.

"थंड लोखंडाशी काय भांडताय?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

मी हात पुढं केला, छिन्नी मागायला. त्यानं छिन्नी दिली नाही. माझा तळवा धरला आणि अंगठ्यानं घट्ट्यावरून हळूच... अगदी हळूच चाचपलं. अंगावर काटा आला माझ्या. धुक्यानं असेल म्हणून मी मनाची समजूत घातली.

"हे जात्याचे घट्टे न्हवं," तो दबक्या आवाजात म्हणाला. "मी लोहाराचाच हाय. घण सोडून मोटारीत गेलो म्हणून बानं घराबाहेर काढलं. घणाचे घट्टे वळखतो मी... भूत तूच हायस ना गं?"

मी हात ओढून घेतला. "बोललात कुठं, तर गाव आमच्या दारात एक विळा ठेवणार नाय. मग आये नि मी खावं काय?"

"नाय बोलनार. तू बोल्ट नाय काढलास, तरी नाय बोलनार."

त्याची नोकरी बारा वाजता जाणार होती, आणि तो हे म्हणाला. मी त्याच्याकडं नीट पाहिलं ते तेव्हा. मग आयेला हाक मारली.

नामानं मोटारीतलं पेट्रोल डब्यात काढून लांब जांभळीखाली नेऊन ठेवलं. आयेनं घमेल्यात निखारे आणले, मी कामठ्याच्या, बाबांच्या लोहारकामाच्या खोपीच्या, दाराला बाहेरून कडी घातली. आत कोणी उरलं नाही. लाल झालेली सळई मी तुटक्या बोल्टावर टेकवून धरली, लोखंड पुरतं तापेपर्यंत. मग मेणाचा खडा लावला. मेण चर्र करून आट्यांत उतरलं, धुक्यात मधाचा वास सुटला. मग छिन्नी कडेला तिरपी धरून उलट्या अंगानं बारीक बारीक ठोके.

"रागावून नाय," मी म्हटलं. "समजावून काढायचा."

"मलाबी असंच समजावशील?"

"आधी ह्यो निघू दे."

तो निघाला. आधी केसभर, मग सरसर. मी पदरात धरला तेव्हा अजून गरम होता. आणि नेमका तेव्हाच धुक्यातून गोमा आला, शेजारच्या वाडीतला म्हातारा, आपला विळा न्यायला. माझ्या हातातली हातोडी पाहून तो थांबला.

"कोंडे... म्हंजी सहा महिनं आमी..."

संपलं सगळं, असं वाटलं.

ठण.

निखाऱ्यांवर वारा घालणारं आयेच्या हातातलं सूप थांबलं.

ठण... ठण.

सावकाश. बाबांच्या हाताचे. बंद कामठ्यातून आले होते, आणि कडी तशीच होती. आम्ही चौघंही बाहेर, एकमेकांसमोर. गोमानं डोक्यावरचं मुंडासं काढलं, दाराला हात जोडले.

"भिवाजीला काम पटलं," तो म्हणाला. "इळ्याला आनखी एकदा धार लावून ठेव पोरी. उद्या उजेडी येतो न्यायला." आणि ओट्यावरचा विळा उचलून थेट माझ्या हातात देऊन गेला.

"आत कोन हाय?" नामाचा चेहरा पांढरा पडला होता.

"मला काय इचारता? मी तुमच्या शेजारीच उभी हाय."

नवा बोल्ट बसला, पेट्रोल परत टाकीत गेलं. दांडा फिरवला, मोटार थरथरत सुरू झाली. तरी तो निघेना.

"बारा वाजतील," मी म्हटलं.

"कोंडे... मागणी घालायची तर कुनाकडं घालू?"

"घरातल्या कर्त्याकडं."

मी गमतीनं म्हटलं होतं. तो खरंच कामठ्याच्या दाराशी गेला. टोपी काढली. "बाबा, मी उरणचा नामा. घण सोडलेला लोहार हाय. तुमची पोर मला द्या. तिच्या हातचा हातोडा मी सुटू देनार नाय."

आतून काहीच नाही. छपरावरचं दव तेवढं टपटपत होतं. तो वाट बघत राहिला, कान लाल झाले बिचाऱ्याचे. मग त्यानं टोपी घातली.

"नाय म्हनतात," असं म्हणून तो मोटारीकडं चालू लागला.

मला तो हवा होता. इतका हवा होता की छातीत दुखलं. मी कडी काढून आत गेले. ऐरणीवर हात टेकवला... ती गरम होती. बाबांचा घण उचलला. सहा महिने न उठलेला हात उठला.

ठण. ठण. ठण.

बाहेर मोटारीचा आवाज बंद पडला. तो धावत दारात आला, धापा टाकत, डोळे एवढाले.

"हे... हे कोनी दिले?"

"हे मी," मी म्हटलं.